पाटणचा डोंगर आणि तितूरचा पूर

वार्षिक परीक्षा जवळ आली की विज्ञानाच्या पुस्तकाची उजळणी सुरू होते. गुरुत्वाकर्षण एका धड्यात, खडक दुसऱ्यात, पाण्याचे बाष्पीभवन तिसऱ्यात आणि घर्षण चौथ्यात. शिकण्याच्या सोयीसाठी पुस्तकात असे वेगवेगळे धडे पाडावे लागतात. सृष्टीने मात्र आपला कारभार असा वाटून दिलेला नाही. डोंगरावर कोसळणाऱ्या पावसाच्या एका सरीत हे सारे धडे एकाच वेळी चालू असतात. मुलांनो, आज आपण पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवू आणि खानदेशातील एका लहानशा मुलखात फिरत फिरत ही उजळणी करू.

महाराष्ट्राचा नकाशा उघडा. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव हे जंक्शन तुम्हांला दिसेल. येथूनच धुळ्याकडे जाणारा फाटा फुटतो. गावाच्या दक्षिणेस पूर्व-पश्चिम पसरलेली डोंगरांची एक लांबच लांब भिंत उभी आहे. ही सातमाळा-अजिंठ्याची रांग होय. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला सुमारे अठरा किलोमीटरांवर, या भिंतीच्या अगदी पायथ्याशी, पाटण नावाचे ठिकाण आहे. चंडिकादेवीच्या मंदिरामुळे लोक त्याला पाटणादेवी म्हणतात. सभोवार दाट रान आहे. 1986 मध्ये घोषित झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याचाच तो भाग आहे.

आज शांत वाटणारे हे पाटण यादवांच्या काळी विद्येचे एक केंद्र होते. येथील एका शिलालेखावरून ही गोष्ट आपणांस कळते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासून विद्वानांपुढे ठेवला. थोर गणिती व ज्योतिर्विद भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या पदरी मुख्य ज्योतिषी होते. (ज्ञानेश्वरांच्या चरित्रात येणारे योगी चांगदेव ते हे नव्हेत.) आपल्या आजोबांचे ग्रंथ पुढील पिढ्यांनी शिकावेत म्हणून त्यांनी येथे मठ स्थापन केला आणि येथील निकुंभ वंशातील सोइदेव याने त्या मठाला दान दिले. शिलालेखात शके 1128 चा उल्लेख आहे. हे दान श्रावणातील पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या वेळी, सर्व लोकांसमक्ष दिले, असेही त्यात नमूद आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. परंतु मठाच्या खर्चासाठी कोणी काय द्यावे, हे सांगणारा शेवटचा भाग मराठीत आहे. ज्यांनी द्यावयाचे त्या साध्या माणसांना तो समजावा, म्हणूनच असे केले असावे. आपल्या भाषेतील जुन्या कोरीव लेखांत या ओळींची गणना होते.

त्या मठात विद्यार्थी काय शिकत असतील? भास्कराचार्यांचा जन्म इ. स. 1114 मधील. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग मानतात. गोलाध्यायात त्यांनी पृथ्वीविषयी जे प्रश्न उपस्थित केले आहेत, ते तुमच्याही मनात कधी ना कधी आले असतील.

पहिला प्रश्न असा : पृथ्वी चेंडूसारखी गोल असेल, तर ती आपणांस सपाट का दिसते? भास्कराचार्यांचे उत्तर सोपे आहे. कोणत्याही वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला, तर तो सरळच दिसतो. पृथ्वी फार मोठी आहे आणि तिच्यापुढे माणूस अगदी लहान. म्हणून त्याला दिसणारा तुकडा सपाट वाटतो. आजच्या मापाने हिशेब करून पाहा. पृथ्वीचा परीघ सुमारे 40,000 किलोमीटर आहे. त्याचा शंभरावा भाग 400 किलोमीटर, म्हणजे चाळीसगावाहून मुंबईला लोहमार्गाने जाण्याच्या अंतराहूनही अधिक झाला! पाटणच्या डोंगरमाथ्यावर उभे राहिले तरी एवढा मुलूख एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. मग वक्रता ध्यानात कशी यावी? ती पाहावयाची असेल, तर चंद्रग्रहणाच्या रात्री पाहावी. चंद्रावर सरकत जाणारी पृथ्वीची सावली नेहमी गोल कडेचीच असते.

दुसरा प्रश्न : पृथ्वी कशावर टेकलेली आहे? ती एखाद्या आधारावर आहे असे म्हटले, तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, दुसऱ्याला तिसरा हवा; असे करता करता शेवट कधीच येणार नाही. अखेर कोणता तरी एक आधार स्वतःच्या बळावर उभा आहे असे मानावेच लागेल. मग ते बळ प्रथमच पृथ्वीत का मानू नये? असा भास्कराचार्यांचा युक्तिवाद आहे. पुढे ते म्हणतात की, पृथ्वीच्या ठिकाणी आकर्षणाची शक्ती आहे. आकाशातील जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि आपणांस ती वस्तू पडल्यासारखी भासते. पृथ्वीच्या सर्व बाजूंना आकाश सारखेच असताना ती स्वतः कोठे पडणार? पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूची माणसेही आपल्यासारखीच सुखाने उभी असतात.

या कल्पनेचे महत्त्व नीट ओळखले पाहिजे, आणि तिची मर्यादाही. वस्तू पृथ्वीकडे ओढल्या जातात, हे भास्कराचार्यांनी सांगितले. परंतु ही ओढ अंतराबरोबर किती कमी होते, चंद्राला आणि झाडावरून पडणाऱ्या फळाला एकच नियम कसा लागू पडतो, हे गणिताने दाखविण्याचे कार्य पुढे इंग्लंडमधील न्यूटन यांनी केले. त्यांचा ग्रंथ 1687 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्ञान असेच एका हातातून दुसऱ्या हाती जात, दुरुस्त होत, वाढत जाते.

आता मठाकडून डोंगराकडे दृष्टी वळवू. पाटणच्या कड्याकडे नीट पाहिले, तर त्यात एकावर एक रचलेले थर दिसतात. एखाद्या राक्षसाने पायऱ्या कोरून ठेवाव्या, तसा तो कडा दिसतो. या पायऱ्या अग्नीने घडविल्या आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी येथील भूमीला प्रचंड भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर येऊन पाण्यासारखा पसरला. तो थंड होऊन गोठला. काही काळाने पुन्हा शिलारस आला आणि त्यावर दुसरा थर बसला. असे कित्येक थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. हा काळा, कठीण खडक म्हणजे बेसाल्ट. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याने व्यापलेला आहे; शेजारच्या राज्यांतील भाग धरून आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भूमीवर तो आढळतो. शिलारस थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकून जी पोकळी राहिली, तिच्यात पुढे निरनिराळी खनिजे साठली. डोंगरातील दगड फोडला असता आत जे पांढरे, चकाकणारे स्फटिक दिसतात, ते हेच.

इतका कठीण खडक, पण त्यालाही झीज चुकलेली नाही. खानदेशातील उन्हाळा किती कडक असतो, हे तुम्ही जाणताच. दिवसा खडक तापून प्रसरण पावतो, रात्री निवून आकुंचन पावतो. वर्षानुवर्षे असे घडून त्याला बारीक चिरा पडतात. चिरांत पावसाचे पाणी शिरते, झाडांची मुळे शिरतात. पाण्यामुळे खडकातील द्रव्यांत रासायनिक बदल होतात. खडकाचा मुरूम होतो आणि मुरमाची माती. चाळीसगावच्या शेतांतील काळी माती ही त्या काळ्या खडकाचीच लेक आहे. ती पाणी धरून ठेवते आणि ओली झाली की फुगते. उन्हाळ्यात वाळून आकसते, म्हणूनच शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीचे पीक या मातीत चांगले येते. आपल्या अंगावरील सुती सदरा हा एका अर्थी त्या पुरातन अग्नीचा प्रसाद आहे.

डोंगर झाला, माती झाली, आता पाऊस. उन्हाने समुद्राचे पाणी तापते आणि त्याची अदृश्य वाफ हवेत मिसळते. नैर्ऋत्य मोसमी वारे ही वाफ घेऊन भूमीवर येतात. हवा वर चढली की ती प्रसरण पावते आणि थंड होते. साधारणपणे दर किलोमीटर उंचीला तापमान सहा अंशांनी उतरते. थंड हवेत वाफ मावत नाही. तिचे सूक्ष्म जलबिंदू होतात, त्यांचे ढग बनतात, बिंदू एकमेकांस मिळून जड होतात आणि भास्कराचार्यांनी सांगितलेली ती पृथ्वीची ओढ त्यांना खाली खेचते. वाऱ्याच्या वाटेत डोंगर आडवा आला, तर हवेला वर चढणे भागच पडते. त्यामुळे डोंगरावर पुष्कळदा सपाटीपेक्षा अधिक पाऊस पडतो.

ढगांबरोबर विजाही येतात. वीज व गडगडाट एकाच वेळी होतात, तरी वीज आधी दिसते. कारण प्रकाश सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर धावतो, तर आवाज जेमतेम 340 मीटर. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावे आणि त्यांना तीनने भागावे, म्हणजे वीज किती किलोमीटरांवर पडली ते कळते. हा आकडा लहान होत चालला, तर शेतातून व झाडाखालून निघून पक्क्या घरात जावे. येथे भागाकार केवळ गुण मिळवून देत नाही, तो जीवही वाचवितो.

डोंगरमाथ्यावर पडलेले पाणी कोठे जाते? कल्पना करा की, सातमाळ्याच्या धारेवर दोन थेंब शेजारी शेजारी पडले, दोघांत केवळ हातभर अंतर. उत्तरेकडील उतारावर पडलेला थेंब ओहोळातून तितूर नदीत येईल, तेथून गिरणेत, गिरणेतून तापीत आणि शेवटी सुरतेपलीकडे अरबी समुद्रात पोहोचेल. दक्षिणेकडे पडलेला थेंब शिवना किंवा पूर्णा यांसारख्या नदीची वाट धरून गोदावरीला मिळेल आणि आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागरात जाईल. हातभर अंतराने दोन थेंबांचे दोन समुद्र झाले! पाण्याची अशी वाटणी करणाऱ्या उंच धारेला जलविभाजक म्हणतात. समुद्राला पोहोचलेले पाणी पुन्हा वाफ होऊन वर जाते, आणि हे चक्र अखंड फिरत राहते.

या चक्रातील एक कठोर प्रसंग चाळीसगावकरांनी पाहिला आहे. 2021 सालच्या ऑगस्टच्या 30 तारखेची रात्र सरून 31 तारीख उजाडत होती. त्या रात्री कन्नडच्या बाजूच्या डोंगरांवर आणि पायथ्याच्या गावांवर मुसळधार पाऊस झाला. चाळीसगाव व कन्नड यांना जोडणाऱ्या घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, वाहने अडकून पडली आणि रस्ता बंद झाला. चाळीसगावातून वाहणाऱ्या तितूर आणि डोंगरी या नद्यांना महापूर आला. गावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत पाणी शिरले. घरांची पडझड झाली, पिके गेली, गोठ्यात बांधलेली गुरे वाहून गेली, प्राणहानीही झाली. ज्या शेतकऱ्याची बैलजोडी त्या रात्री गेली, त्याच्या दारी पुढच्या पेरणीचा प्रश्न उभा राहिला. पूर ओसरला, पण असे घाव लवकर भरत नाहीत.

असे का घडते, हे समजून घेण्यासाठी आपल्या उजळणीतील सारे धडे कामी येतात. प्रथम पाण्याचे मोजमाप पाहू. एक चौरस किलोमीटर भूमीवर 10 सेंटिमीटर पाऊस पडला, तर तेथे 1 लाख घनमीटर पाणी पडते. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. म्हणजे तेवढ्याच जागेवर 1 लाख टन पाणी झाले. दहा टनांचा एक मालमोटार-भार धरला, तर दहा हजार मालमोटारी भरतील! आणि नदीला पाणी पुरविणारा डोंगरउतार अनेक चौरस किलोमीटरांचा असतो. खाली बेसाल्टचा कठीण खडक. चिरांखेरीज पाण्याला आत वाट नाही. माती थोडी आणि आधीच्या पावसाने तृप्त झालेली. मग पाण्याने उताराने धावत सुटावे, हेच क्रमप्राप्त नव्हे काय?

दरड का कोसळते, तेही पाहा. उतारावरील माती व मुरूम घर्षणामुळे जागच्या जागी टिकून असतात. पाणी मुरले की त्यांचे वजन वाढते. त्याच वेळी पाणी कणाकणांच्या मधे शिरून त्यांची एकमेकांवरील पकड सैल करते. ओढ वाढली आणि घर्षण उणे पडले, की डोंगराचा तो भाग खाली येतो.

पुराच्या पाण्यात पाऊल घालू नये, असे वडीलधारी माणसे सांगतात. त्यामागेही पदार्थविज्ञान आहे. चाळीस किलोग्रॅम वजनाचा मुलगा कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि त्याचे निम्मे शरीर बुडाले, तर सुमारे वीस लीटर पाणी बाजूला सरते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका, म्हणजे वीस किलोग्रॅमचा भार पाणी उचलून धरते. पायांखाली उरला निम्माच भार. म्हणून जमिनीशी घर्षणही निम्मेच. इकडे वाहत्या पाण्याचा रेटा मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. पोहता येणारा धट्टाकट्टा मनुष्यही अशा वेळी उभा राहू शकत नाही. मोटारीचीही हीच गत होते. पुलावरून पाणी वाहत असताना केवळ पलीकडचा काठ जवळ दिसतो म्हणून पुढे जाणाऱ्याने हे गणित विसरू नये.

आणखी एक गोष्ट. डोंगरावर पडलेल्या पाण्याला गावापर्यंत येण्यास काही वेळ लागतो. त्यामुळे गावात पाऊस थांबलेला असतानाही नदीला पूर चढू शकतो. नदीकाठी राहणाऱ्याने आपल्या डोक्यावरील आभाळाबरोबरच डोंगरावरील आभाळही पाहिले पाहिजे. नदीचे पाणी एकाएकी गढूळ होऊ लागले, काटक्या व पाला वाहून येऊ लागला, तर वर जोराचा पाऊस झाला असे समजावे, गुरांची दावी सोडावी आणि उंच जागी जावे.

पाऊस थांबविणे माणसाच्या हाती नाही. परंतु धावणाऱ्या पाण्याला चालावयास लावणे पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहे. उतारावर झाडे व गवत असले, तर थेंबाचा मार पाने झेलतात आणि मुळे माती धरून ठेवतात. उताराला आडवे चर व बांध घातले, तर पाणी थबकते, चिरांतून मुरते आणि उन्हाळ्यात विहिरींना उपयोगी पडते. नदीचे पात्र मोकळे ठेवले, त्यात केरकचरा वा बांधकाम येऊ दिले नाही, तर पुराला आपल्या वाटेने जाता येते. जे पाणी भाद्रपदात घरात शिरते आणि चैत्रात विहिरीच्या तळाशी जाते, ते एकच पाणी आहे. त्याची वाट समजून घेणे, हे खानदेशातील प्रत्येक मुलाचे काम आहे.

आठशे वर्षांपूर्वी पाटणच्या परिसरातील लोकांनी आपल्या मिळकतीतला थोडा थोडा वाटा मठाला दिला, तो पृथ्वी, आकाश आणि ग्रह यांविषयी विचारलेले प्रश्न पुढच्या मुलांपर्यंत पोहोचावेत म्हणून. ते प्रश्न तुमच्यापर्यंत पोहोचले आहेत. पुढल्या पावसाळ्यात आपल्या गावच्या नदीकडे सुरक्षित अंतरावरून पाहा. तिचे पाणी कोणत्या डोंगरावरून येते, कोणत्या खडकावरून वाहते आणि किती वेळात वाढते, याची नोंद वहीत करा. विज्ञानाची खरी उजळणी तेथूनच सुरू होते.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाटण येथे मठ कोणी व कशासाठी स्थापन केला?
(आ) ‘सिद्धान्तशिरोमणि’ या ग्रंथाचे चार भाग कोणते?
(इ) जलविभाजक कशाला म्हणतात?

२. कारणे द्या.
(अ) पृथ्वी गोल असूनही सपाट दिसते.
(आ) उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात.
(इ) गावात पाऊस थांबल्यावरही नदीला पूर येऊ शकतो.
(ई) पुराच्या पाण्यात पाय टिकत नाहीत.

३. गणित करा.
(अ) वीज चमकल्यावर बारा सेकंदांनी गडगडाट ऐकू आला. वीज सुमारे किती अंतरावर पडली?
(आ) दोन चौरस किलोमीटर भूमीवर 5 सेंटिमीटर पाऊस पडला, तर किती टन पाणी पडले?

४. ‘काळी माती ही त्या काळ्या खडकाचीच लेक आहे’ या वाक्याचा अर्थ चार-पाच ओळींत स्पष्ट करा.

५. पुढील शब्द वाक्यांत योजा : युक्तिवाद, क्रमप्राप्त, थबकणे, दृष्टिक्षेप.

६. उपक्रम : रेल्वे स्थानकाच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तुमच्या जवळच्या दोन स्थानकांची उंची मिळवा. त्यांपैकी कोणत्या स्थानकाकडून कोणत्या स्थानकाकडे जमीन उतरत जाते, ते नकाशातील नदीच्या दिशेशी ताडून पाहा.